छापील कापडावरचे पाणवठे

दोन महिन्यांपूर्वीची गोष्ट. मेलबर्नला राहणारी माझी आतेबहीण सुटीवर आली, तेव्हा तिने माझ्या पत्नीसाठी तीन मीटर सुती कापड आणले. ते घेऊन आम्ही कोपऱ्यावरच्या शिंप्याकडे गेलो. मास्तरांनी कापड टेबलावर पसरले, हाताने सुरकुत्या काढल्या, एकदा ह्या बाजूने आणि एकदा त्या बाजूने पाहिले आणि विचारले, "सर, ह्याचं वर कोणतं आणि खाली कोणतं?"

प्रश्न धंद्यातला होता. फुलांचा छाप असेल तर देठ खाली आले पाहिजेत, मोर असतील तर ते डोक्यावर उभे राहता कामा नयेत. मग कुर्त्याचा पुढचा भाग, मागचा भाग, दोन्ही बाह्या अशा साऱ्या तुकड्यांची तोंडे एकाच दिशेला ठेवून कापावे लागते आणि कापड जास्त लागते. परंतु ह्या कापडावर फुले नव्हती, की पक्षी नव्हते. तांबूस पार्श्वभूमीवर एकात एक काढलेली वर्तुळे, त्यांना जोडणाऱ्या नागमोडी रेषा आणि सगळीकडे पसरलेले बारीक ठिपके. मी भौतिकशास्त्र शिकवतो. कापडातले मला काय कळणार? तरी "ह्याला वर-खाली नाहीच," असे मी ठोकून दिले. उत्तर बरोबर निघाले. पण ते का बरोबर आहे, हे मला नंतर थोडे वाचल्यावर कळले.

कापडाच्या काठावर इंग्रजीत एका स्त्रीचे नाव छापले होते. ती ऑस्ट्रेलियातील आदिवासी चित्रकर्ती. नावाशेजारी सात रंगांचे सात छोटे गोल होते. हे गोल पुष्कळ छापील कापडांच्या काठावर आढळतात; तुमच्या घरात नवे न शिवलेले कापड असेल तर जरूर पाहा. जितके गोल तितके रंग, आणि जितके रंग तितक्या वेळा ते कापड निरनिराळ्या छापांखालून गेलेले असते. एखादा रंग जागेवरून सरकला आहे का, हेही कारागिराला त्यावरून चटकन समजते.

वरून पाहिलेली जमीन

ऑस्ट्रेलियाच्या मध्यभागी विस्तीर्ण वाळवंट आहे. तेथील आदिवासी पिढ्यान्पिढ्या वाळूत बोटाने आकृत्या काढून गोष्टी सांगत आले. जमिनीवर बसून जमिनीचेच चित्र काढायचे, तेव्हा ते आपल्या भूगोलाच्या नकाशासारखे, वरून पाहिल्याप्रमाणे काढले जाते. एकात एक वर्तुळे म्हणजे बहुधा पाणवठा किंवा मुक्कामाची जागा, त्यांना जोडणाऱ्या रेषा म्हणजे वाटा. इंग्रजी यू अक्षरासारखी खूण म्हणजे बसलेला माणूस, कारण माणूस वाळूत बसून उठला की तसाच ठसा उमटतो. ह्या चित्राभोवती चारही बाजूंनी माणसे बसलेली असतात. मग त्याला वर-खाली कुठून असणार?

ही चित्रे कायमच्या पृष्ठभागावर आली ती बरीच अलीकडे. ॲलिस स्प्रिंग्जच्या वायव्येस सुमारे २४० किलोमीटरवर पापुन्या नावाची वस्ती आहे. तेथील शाळेत १९७१ मध्ये जेफ्री बार्डन हे शिक्षक आले. त्यांच्या प्रोत्साहनाने वस्तीतल्या जाणत्या पुरुषांनी शाळेच्या भिंतीवर आणि नंतर फळ्यांवर रंगाने चित्रे काढली. १९७२ मध्ये चित्रकारांनी स्वतःची कंपनी स्थापन केली. ठिपक्यांची जी शैली आज जगभर ओळखली जाते, ती ह्या वाळवंटी भागातली.

मात्र ऑस्ट्रेलियातले सगळे आदिवासी ठिपकेच काढतात, असा समज करून घेऊ नये. उत्तरेला आर्न्हेम लँड नावाचा पाणथळ प्रदेश आहे. तेथे झाडाच्या सालीवर गेरू, पांढरी चिकणमाती आणि कोळसा ह्यांनी चित्रे काढतात. त्यांत ठिपक्यांऐवजी एकमेकींना छेदणाऱ्या अत्यंत बारीक रेषांची जाळी असते; तिला 'रार्क' म्हणतात. ह्या रेषांची आणि रंगांची मांडणी प्रत्येक कुळाची वेगळी असते. जाणकार माणूस नुसती जाळी पाहून कूळ सांगू शकतो. पर्यटकांसाठी केलेल्या नकली मालात वाळवंटातले ठिपके आणि उत्तरेकडची जाळी एकाच चित्रात कोंबलेली दिसते. एखाद्या गाण्यात अर्धी ओळ कोकणीत आणि अर्धी पंजाबीत असावी, तसा तो प्रकार होतो.

एका चित्राचे शेकडो मीटर

साल किंवा फळी कुठेतरी संपते. कापड संपत नाही. म्हणून चित्राचे कापड करायचे असेल तर पहिली अडचण येते ती चित्र पुनःपुन्हा मांडण्याची, आणि तीही जोड दिसू न देता.

ऑस्ट्रेलियाच्या उत्तर किनाऱ्यापलीकडे तिवी बेटे आहेत. तेथे बीड टुंगुटालुम आणि जोव्हानी टिपुंगवुती ह्या दोन तरुणांनी १९६० च्या दशकाच्या अखेरीस लाकडी ठशांनी कागदावर छपाई सुरू केली आणि लवकरच ते जाळीच्या छपाईने कापड छापू लागले. त्याच बेटावर १९६९ मध्ये 'बिमा वेअर' ह्या नावाने स्त्रियांचा छपाई आणि शिवणाचा उद्योग सुरू झाला. स्वतःच्या नक्षीचे कापड स्वतः छापायचे आणि त्याचे कपडे शिवायचे, असे हे काम होते.

जाळीची छपाई, म्हणजेच स्क्रीन प्रिंटिंग, आपल्याला लग्नपत्रिकांमुळे परिचित आहे. लाकडी चौकटीवर बारीक जाळी ताणून बसवतात. जिथे रंग नको तिथली भोके बुजवतात. लांबलचक टेबलावर कापड पसरून त्यावर चौकट ठेवतात, तिच्यात रंगाची खळ ओततात आणि रबराची पट्टी दाब देऊन ओढतात. मग चौकट उचलून बरोबर एक घर पुढे. टेबलाच्या कडेला ठरावीक अंतरावर खुंट्या असतात, त्यांना चौकट टेकली की जागा चुकत नाही. एक रंग संपला की दुसऱ्या रंगाची चौकट घेऊन पुन्हा पहिल्यापासून.

ह्या खळीत एक गंमत आहे. ती पाण्यासारखी पातळ असेल तर धाग्यांमधल्या केशाकर्षणाने रंग टिपकागदावरच्या शाईसारखा पसरेल आणि ठिपक्याचा डाग होईल. ती घट्ट असेल तर जाळीतून उतरणारच नाही. म्हणून अशी खळ निवडतात, जी पट्टीच्या रेट्याखाली असेपर्यंत पातळ होते आणि रेटा थांबताच पुन्हा घट्ट होते. बाटलीतला टोमॅटोचा सॉस हलवल्याशिवाय पडत नाही, त्याच जातीचे हे वर्तन. सुती कापडावरच्या ठरावीक रंगांसाठी ही खळ समुद्री शेवाळापासून काढलेल्या अल्जिनेटची करतात. पिठाची का नाही? तर ह्या रंगांचे रेणू कापसातल्या सेल्युलोजशी रासायनिक बंधाने जोडले जातात, आणि पिष्ट हे सेल्युलोजचे जवळचे भावंड असल्याने रंग कापडाऐवजी खळीलाच जाऊन चिकटेल! रेणूबंधाने बसणारे हे रंग राटी आणि स्टीफन ह्या दोन ब्रिटिश रसायनज्ञांच्या शोधातून १९५६ मध्ये बाजारात आले. सुती कापडावर इतका गडद आणि धुण्यात टिकणारा रंग त्यामुळे सोपा झाला.

मोठ्या गिरणीत चौकटीच्या जागी धातूचा पोकळ, भोकाभोकांचा रूळ असतो. रंग आतून बाहेर येतो आणि कापड खालून सरकत राहते. रूळ एकदा फिरला की नक्षी पुन्हा पहिल्यापासून सुरू होते. म्हणून नक्षीचे घर रुळाच्या परिघाएवढे किंवा परिघाच्या पूर्ण भागाएवढे असावे लागते. बहुप्रचलित रुळाचा परीघ ६४ सेंटिमीटर असतो, म्हणजे व्यास सुमारे २०.४ सेंटिमीटर. नक्षीचे घर ६४, ३२, १६ सेंटिमीटर चालेल. २५ चालणार नाही. शिंप्याच्या दुकानातच टेप घेऊन मी आमच्या कापडावर एक विशिष्ट वर्तुळ पुन्हा कुठे येते ते मोजले. ६४ भरले! मास्तर माझ्याकडे संशयाने पाहत होते.

सपाट पृष्ठभागावर नक्षी दोन दिशांनी पुनःपुन्हा मांडण्याचे मूलभूत प्रकार बरोबर १७ आहेत. अठरावा सापडणे शक्य नाही, हे रशियन स्फटिकशास्त्रज्ञ फेडोरोव्ह ह्यांनी १८९१ मध्ये सिद्ध केले. मिठाच्या स्फटिकात अणूंची मांडणी ज्या नियमांनी चालते, त्याच नियमांचे हे सपाट रूप होय. साडी, फरशी आणि भिंतीचा कागद ह्या सतरांतच बसतात.

थरथरणारी जाळी

ठिपके छापणे तुलनेने सोपे. आर्न्हेम लँडची बारीक जाळी छापणे मात्र अवघड.

समजा, रार्कमधली एक रेषा १ मिलिमीटर जाड आहे आणि दोन रेषांमध्ये १ मिलिमीटर जागा आहे. म्हणजे दर २ मिलिमीटरला नवी रेषा सुरू होते. छपाईच्या रुळावर इंचाला ८० भोके असतील, तर दोन भोकांतील अंतर सुमारे ०.३२ मिलिमीटर पडते. आता २ ला ०.३२ ने भागा. उत्तर ६.२५ येते. पहिली रेषा बरोबर भोकावर सुरू झाली, तर दुसरी पाव भोक सरकून सुरू होईल, तिसरी अर्धे, चौथी पाऊण आणि पाचवी पुन्हा बरोबर भोकावर. त्यामुळे काही रेषांना तीन भोकांचा रंग मिळेल तर काहींना चारांचा. दर चार रेषांनंतर, म्हणजे दर ८ मिलिमीटरला, जाड-बारीक असा एक नवाच पट्टा दिसू लागेल, जो चित्रकाराने काढलेलाच नाही! जवळजवळ सारखे दोन स्वर एकदम वाजले की आवाज लहान-मोठा होत राहतो, त्याचेच हे दृष्टीतले रूप. मच्छरदाणीचे कापड दुहेरी करून उजेडासमोर धरा, किंवा दोन फण्या एकमेकींवर ठेवून हलकेच फिरवा. हे पट्टे लगेच दिसतील. छपाई करणाऱ्याला ते टाळण्यासाठी अधिक बारीक भोकांचा रूळ घ्यावा लागतो किंवा रेषांचा कोन बदलावा लागतो. पण कोन बदलणे म्हणजे कुळाच्या जाळीत ढवळाढवळ करणे, हेही लक्षात घ्यावे.

मूळ चित्रातली जाळी मुळात चमकावी अशीच काढलेली असते. त्या भागातील योल्ङू लोकांच्या भाषेत ह्या चमकेला 'बिर्युन' असा खास शब्द आहे. ती केवळ शोभा मानली जात नाही. पूर्वजांची शक्ती चित्रात उतरल्याची ती खूण समजतात. भौतिकीच्या बाजूने पाहिले तर आपला डोळा एका बिंदूवर रोखला तरी पूर्ण स्थिर राहत नाही, तो सतत बारीक थरथरत असतो. गडद आणि फिकट रेषा दाट असल्या की त्या थरथरीने रेषाच हलल्याचा भास होतो. माणसाचा निरोगी डोळा साधारणपणे एका अंशाच्या साठाव्या भागाएवढा कोन ओळखू शकतो. १ मिलिमीटरची रेषा सुमारे साडेतीन मीटर अंतरावर एवढा कोन करते. त्याहून दूर गेलात की रेषा विरघळून सपाट रंग होतो, आणि जवळ आलात की जाळी जिवंत होते.

रंगाबद्दल थोडेसे. गेरूचा तांबडा रंग लोहाच्या ऑक्साइडचा. पिवळी माती, म्हणजे रामरज, हीदेखील लोहाचीच. पण तिच्या स्फटिकात पाण्याचा अंश असतो. ती लोखंडी पळीत तापवली की पाणी जाते आणि ती तांबडी होते. शाळेच्या प्रयोगशाळेत शिक्षकांसमोर हा प्रयोग अवश्य करावा. कापडावर हा मातीचा रंग नसतो. त्याच्यासारखा दिसणारा, दोन-तीन रंगद्रव्यांचे मिश्रण करून जुळवलेला रंग असतो. हे दोन रंग उन्हात सारखे दिसले तरी दुकानातल्या दिव्याखाली वेगळे दिसू शकतात, कारण प्रकाशातल्या निरनिराळ्या तरंगलांबी ते वेगवेगळ्या प्रमाणात परतवतात. दुकानातून कापड बाहेर नेऊन उन्हात पाहणाऱ्या आपल्या आई-मावश्या हेच तपासत असतात.

नक्षी कोणाची?

जॉन बुलुन बुलुन हे आर्न्हेम लँडमधील गनाल्बिंगू लोकांचे नामवंत चित्रकार. १९७८ मध्ये त्यांनी सालीवर एका पाणवठ्याचे चित्र काढले: मॅगपाय गूज नावाचे हंसासारखे पक्षी आणि कमळे. हा पाणवठा काल्पनिक नव्हे. जुलिबिन्यामुर हे त्याचे नाव. गनाल्बिंगू लोकांच्या समजुतीप्रमाणे त्यांच्या कुळाचा उगम तेथला. तो पाणवठा कोणी, केव्हा आणि कसा रंगवायचा, ह्याचे नियम कुळाने ठरवलेले. चित्र एका पुस्तकात छापायला त्यांनी परवानगी दिली होती.

पुढे १९८९ मध्ये त्यांची चित्रे टी-शर्टांवर परवानगीशिवाय छापलेली आढळली. प्रकरण तडजोडीने मिटले आणि त्यांना व इतर तेरा चित्रकारांना मिळून दीड लाख ऑस्ट्रेलियन डॉलर मिळाले. पण मधल्या काळात ह्या गृहस्थाने चित्रे काढणेच थांबवले होते. आणि नंतर त्यांच्या पाणवठ्याच्या चित्रावरून छापलेले कपड्यांचे कापडच बाजारात आले. सुमारे ७,६०० मीटर कापड परदेशातून आयात झाले होते आणि त्यातले चार हजारांहून अधिक मीटर विकलेही गेले होते.

इथे जरा गणित करू. रुळाचे यंत्र मिनिटाला ४० मीटर सहज छापते. म्हणजे एवढे कापड छापायला तीन तास दहा मिनिटे पुरतात. दर ६४ सेंटिमीटरला एक पाणवठा धरला, तर जवळजवळ बारा हजार पाणवठे! ज्या लोकांच्या दृष्टीने तो पाणवठा जगात एकाच जागी आहे आणि त्याचे चित्र हा त्या जमिनीशी असलेल्या नात्याचा दाखला आहे, त्यांना त्या कापडाचे गठ्ठे पाहून काय वाटले असेल?

बुलुन बुलुन आणि कुळाच्या वतीने जॉर्ज मिलपुरुरू न्यायालयात गेले. आयात करणाऱ्या कंपनीने चित्रकाराच्या हक्काचा भंग मान्य केला. प्रश्न उरला कुळाचा. छापील चित्राचा कायदा हक्क ओळखतो तो चित्र काढणाऱ्या व्यक्तीचा, आणि तोही ठरावीक वर्षांपुरता. कुळाचा हक्क मात्र सामूहिक आणि न संपणारा. ३ सप्टेंबर १९९८ रोजी न्यायमूर्ती फॉन डूसा ह्यांनी निकाल दिला, की कुळ चित्राचे मालक ठरत नाही. पण चित्रकार कुळाशी विश्वासाच्या नात्याने बांधलेला आहे आणि कुळाचे हित जपणे त्याचे कर्तव्य आहे. ह्या प्रकरणात चित्रकाराने स्वतःच दाद मागून ते पाळले होते, म्हणून कुळाला वेगळे काही देण्याची गरज न्यायालयाला वाटली नाही. मला हा निकाल अर्धा वाटतो. चित्रकार मरण पावला असता किंवा गप्प बसला असता, तर काय झाले असते?

आधी १९९४ मध्ये ह्याच न्यायमूर्तींपुढे गालिच्यांचा खटला चालला होता. व्हिएतनाममध्ये विणलेल्या गालिच्यांवर आदिवासी चित्रे उतरवली होती आणि वर चिठ्ठी लावली होती, की प्रत्येक गालिच्यामागे चित्रकारांना मानधन मिळते. ते मिळत नव्हते. एका चित्रात तर पवित्र पाणवठा होता, आणि गालिचा म्हणजे पायाखाली तुडवायची वस्तू! आठ चित्रकारांच्या बाजूने सुमारे १ लाख ८८ हजार डॉलरची भरपाई मिळाली.

म्हणजे नक्षी कापडावर येऊच नये, असे मात्र नव्हे. तिवी बेटांवरच्या स्त्रिया स्वतःच छापतात. इतर अनेक चित्रकर्त्या गिरण्यांशी करार करतात आणि विकल्या जाणाऱ्या कापडावर त्यांना मानधन मिळते. कोणती गोष्ट कापडावर छापण्याजोगी आणि कोणती नाही, हे तेव्हा त्याच ठरवतात. आपल्याकडे वारली चित्रांना २०१४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. तरी दुकानातल्या वारली छापाच्या चादरीवर कोणाचे नाव असते का, हे वाचकांनी पुढच्या खेपेला पाहावे.

आता मास्तरांच्या टेबलाकडे परत जाऊ. नक्षीला वर-खाली नसल्यामुळे बाह्या उलटसुलट मांडून कापता आल्या आणि अर्धा मीटर कापड वाचले. मात्र मागचा आणि पुढचा भाग कडेला जुळवायचे, तर दोन्ही तुकडे नक्षीच्या एकाच जागी सुरू व्हायला हवेत. पुढचा भाग १०० सेंटिमीटरचा. तो संपल्यावर तीच जागा पुन्हा येते ती १२८ सेंटिमीटरवर. मधले २८ सेंटिमीटर बाजूला राहिले, त्यात गळ्याची पट्टी आणि खिसा निघाला. शेवटी मास्तरांनी सवयीप्रमाणे दोन्ही बाजूंचे काठ कातरून चिंध्यांच्या डब्यात टाकले. त्यातली नावाची पट्टी मी काढून घेतली. कुर्त्याच्या आतल्या शिवणीवर, कमरेच्या जरा खाली, ती त्यांनी दोन टाके घालून बसवून दिली आहे. नाव आणि सात गोल, दोन्ही वाचता येतात.